वडिलोपार्जित दुनळी रायफल (.४५०/४००): मुंबईच्या दमट हवेत सांभाळायची कशी, आणि काडतुसांचं काय करायचं?

माहीम_किनारा

नमस्कार मंडळी. बाबांच्या पश्चात त्यांची दुनळी रायफल वारसा म्हणून माझ्या परवान्यावर आली आहे. नळ्यांवर ‘मँटन अँड कंपनी, कलकत्ता’ असं कोरलंय, बोर (नळीचं माप) .४५०/४००. बाहेर घोडे नाहीत, एजेक्टर (रिकामं नळकांडं बाहेर फेकणारा) नाही, नुसता एक्स्ट्रॅक्टर (ते थोडं वर उचलून देणारा) आहे. इतकी वर्षं ती मूळ चामड्याच्या पेटीत, कपाटाच्या वरच्या खणात होती. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. यंदा पावसाळ्यानंतर पेटी उघडली तर चामड्यावर बुरशी, डाव्या नळीत तोंडापासून चार-पाच इंच आत तपकिरी डाग आणि दस्त्याचं लाकूड लोखंडाला जिथे भिडतं तिथे काळपट, तेलकट.

प्रश्न असे:
१) गंज घरच्या घरी काढावा का, कशाने? घरात आजवर खोबरेल तेल लावायची पद्धत होती.
२) सोबत कायनॉक कंपनीची ११ जुनी काडतुसं आहेत, परवान्यावर नोंदलेली. दोन-तीनांच्या मानेवर हिरवट थर आहे. चालतील का?
३) अमेरिकेतला चुलतभाऊ म्हणतो, ‘केस (काडतुसाची रिकामी पितळी नळकांडी) आणि बुलेट पाठवतो, तिकडे कुणाकडून भरून घे.’ असं करता येतं का?
४) पुढच्या वर्षी मुलुंडला राहायला जायचं चाललंय. परवान्याचं काही करावं लागेल का?

शिकारीचा विषयच नाही. वस्तू नीट राहावी आणि कायद्यात राहावी, एवढंच.

---

लालबाग_लेथ

ताई, पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

आधी रायफल उघडून दोन्ही चेंबर (काडतूस बसायच्या जागा) रिकामी आहेत हे डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालूनही बघा. मग फोरएंड (नळ्यांखालचा लाकडी भाग) काढा, नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करा. काडतुसं त्या खोलीतही नकोत.

नळीला हात लावण्यापूर्वी एक परीक्षा. नळ्यांच्या खालच्या आकड्यात बोट किंवा दोरी अडकवून त्या मोकळ्या लोंबकळत धरा आणि बोटाच्या पेराने, नाहीतर लाकडी पेन्सिलीने हलकेच वाजवा. देवळातल्या घंटेसारखा लांबत जाणारा नाद आला तर दोन नळ्यांना जोडणाऱ्या पट्टीचं, म्हणजे रिबचं, डाख शाबूत आहे. आवाज बद्द आला, किंवा आत काहीतरी खरखरलं, तर रिब कुठेतरी सुटली आहे आणि पोकळीत ओल शिरते आहे. तसं असेल तर पुढचं काहीही न करता परवानाधारक बंदूक कारागिराकडे न्या. रिबच्या आत धरलेला गंज बाहेरून दिसत नाही आणि तो नळीची भिंत बाहेरच्या अंगाने खातो.

नाद चांगला असेल तर सफाई अशी. सळई एकसंध घ्या, पितळेची किंवा आवरण असलेली. जोडाजोडाची ॲल्युमिनियमची नको, तिच्या सांध्यात कचरा अडकून चऱ्यांवर (नळीच्या आतल्या पेचदार खाचांवर) ओरखडे पडतात. सळई नेहमी ब्रीचकडून (काडतूस भरायच्या बाजूने) घालायची, तोंडाकडून नाही. तोंडाची शेवटची कड घासली गेली की नेम कायमचा बिघडतो. जुन्या काळच्या काडतुसांच्या टोप्यांमध्ये (बुडाशी दारू पेटवणाऱ्या) पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळल्यावर उरतो पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचा भाऊच. तो हवेतली ओल ओढतो आणि तेलात विरघळत नाही. वर्षानुवर्षं तेल फिरवूनही डाव्या नळीत डाग आले त्यामागे हे एक कारण असू शकतं: मीठ खाली, तेल वर. म्हणून पहिल्या तीन-चार चिंध्या कडक गरम पाण्यात भिजवून फिरवायच्या, मग कोरड्या चिंध्या पांढऱ्या बाहेर येईपर्यंत.  उरलेली ओल उडावी म्हणून अर्धा तास पंख्याखाली ठेवा.

त्यानंतर पातळ खनिज तेल (चांगलं गन ऑइल, नसेल तर शिलाई मशीनचं चालेल) लावून नळी रात्रभर तशीच ठेवा. सकाळी .४० किंवा १० मि.मी.चा फॉस्फर-ब्राँझचा ब्रश दहा-बारा वेळा आरपार न्या. ब्रश नळीच्या मध्यात उलटा फिरवू नका, तार वाकते. पोलादी ब्रश तर मुळीच नको. चिंधीवर येणारा रंग विटकरीवरून राखाडीवर आला की थांबा. खाली खड्डे दिसले तर ते तसेच राहू द्या. पॉलिश पेपर किंवा वाळूची पेस्ट घालून नळी ‘चकाचक’ करणारे लोक चऱ्यांची धार घालवून बसतात.

नळीच्या बाहेरच्या अंगाला ००००ची लोखंडी लोकर तेलात बुडवून, नुसत्या हाताच्या वजनाने. मूळ काळा-निळा थर स्वतःच एक शिस्तीत चढवलेला गंज आहे. जोर लावलात तर तोही निघून येईल. आणि कुणी ‘गरम ब्लूइंग करून नवं करून देतो’ म्हणालं तर रायफल परत घेऊन घरी या. गरम ब्लूइंगच्या कॉस्टिक क्षारांत कथील-शिशाचं डाख विरघळतं. दुनळीला हळू गंज चढवूनच रंग देतात.

खोबरेल बंद करा. ते खवट होतं, त्यातली आम्लं लोखंडाला लागतात, वाळलं की चिकट थर धरतं आणि २४ अंशांच्या खाली थिजतं. जानेवारीच्या पहाटे मुंबईतसुद्धा खटक्याच्या आत ते मेणासारखं होऊ शकतं. डब्ल्यूडी-४० ओल हटवायला ठीक आहे, पण महिनोन् महिने राखण करायला नाही.

लाकडाचं काळं झालेलं टोक हे जास्त तेलाचं काम आहे. रायफल दस्ता खाली ठेवून उभी केली की सगळं तेल ओघळून ॲक्शनच्या (उघडझाप होणाऱ्या लोखंडी भागाच्या) मागे लाकडात मुरतं आणि तिथलं अक्रोडाचं लाकूड साबणासारखं मऊ होतं. मोठ्या बोरच्या धक्क्याला नेमकं तेच टोक तोंड देतं. यापुढे उभी ठेवायची तर तोंड खाली, खाली फेल्टचा तुकडा. तेल किती लावायचं? हिंजपिनवर काडीपेटीच्या गुलाएवढं ग्रीस, नळीत तेलाची जेमतेम ओलसर चिंधी एकदा. बस.

साधा स्क्रूड्रायव्हर घेऊन ॲक्शन उघडायला जाऊ नका, एवढं मात्र हात जोडून सांगतो. त्या स्क्रूच्या खाचा कागदासारख्या बारीक असतात. एकदा चिरल्या की रायफलची किंमत आणि रूप दोन्ही जातं.

---

ओल_आणि_ऊन

वरच्या सगळ्याला दुजोरा. साठवणीबद्दल थोडं.

चामड्याची पेटी शोभेला ठेवा, रायफल त्यात ठेवू नका. कमावलेलं चामडं आणि आतली बनात ओल धरून ठेवतात, शिवाय कमावण्याची आम्लं त्यात असतात. रायफल कुलुपाच्या लोखंडी कपाटात, तेही बाहेरच्या भिंतीला न चिकटवता, चार बोटं अंतर सोडून.

कपाटात डिजिटल आर्द्रतामापक ठेवा, पण आधी त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चमच्याने थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ टक्के यायला हवा. ८१ दाखवत असेल तर तुमचं यंत्र सहाने जास्त बोलतं, तेवढं वजा करत जा. कपाटात ४५ ते ५० टक्के हवेत. ४० च्या खाली गेलात तर लाकूड आकसतं आणि लोखंडाशी फट पडते, म्हणून ‘जितकं कोरडं तितकं चांगलं’ हेही खरं नाही.

माहीमला जुलैत ही पातळी राखायला साधारण कपाटाला अर्धा किलो सिलिका जेल लागेल. नारिंगी-हिरव्या रंगाची घ्या. हिरवी झाली की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास, पुन्हा नारिंगी होईपर्यंत. निळी-गुलाबी मिळते तिच्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये ती घालू नका. कपाट पावसाळ्यात रोज उघडलं तर हा सगळा खटाटोप वाया जातो. जून ते सप्टेंबर पंधरवड्यातून एकदा उघडा, हात लावलेली प्रत्येक जागा पुसा. घामाचा ठसा दोन दिवसांत गंज होऊन उमटतो, बोटांच्या रेषांसकट.

निवडणुकीच्या आचारसंहितेत पोलिसांकडे जमा करायचा आदेश आला तर आदल्या दिवशी बाहेरून मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावा, व्हीसीआय (गंजरोधक) कागदात गुंडाळा, वरून सुती पिशवी. प्लास्टिकमध्ये गच्च बांधू नका आणि नळीच्या तोंडात बूच नको, आतली ओल आतच राहते. जमा करताना नंबर, दोन्ही नळ्यांचे आणि दस्त्याचे फोटो काढा. पावतीवर सोबतच्या वस्तू लिहून घ्या.

---

नायट्रो_नोंदवही

मला ही रायफल नेमकी कोणती आहे ते आधी ठरवावंसं वाटतं, कारण .४५०/४०० नावाची दोन वेगळी नायट्रो (बिनधुराच्या दारूची) काडतुसं आहेत. एक ३ इंची (७६ मि.मी.), जेफरी या बंदूक कंपनीचं, आणि दुसरं ३¼ इंची (८२.५ मि.मी.), काळ्या दारूच्या जमान्यातून आलेलं. ३ इंचीची कड जाड असते. ही दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. दुकानदाराने नुसतं ‘चारशे’ म्हणून हातात दिलेलं काडतूस घेऊ नये ते याचसाठी. बुलेटचा व्यासही नावावरून समजत नाही. ३ इंचीला साधारण .४१०-.४११ इंच, जुन्या ३¼ इंचीत त्याहून बारीक.

नळ्या काढल्यावर खालच्या सपाट भागावर भिंगाने बघा. कॉर्डाइट (तेव्हाची बिनधुराची दारू) किती ग्रेन आणि बुलेट किती ग्रेन हे तिथे कोरलेलं सापडलं तर ती या रायफलची जन्मपत्रिका समजा. मुकुटाखाली एनपी म्हणजे नायट्रो प्रूफ, त्या दारूच्या दाबाची चाचणी झालेली. बीएनपी असेल तर १९५४ नंतर बर्मिंगहॅमला प्रूफ किंवा पुन्हा प्रूफ झालेली. ‘मँटन’ हे विकणाऱ्याचं नाव, त्यांच्या बऱ्याच बंदुका बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून तयार होऊन येत. त्यामुळे नावापेक्षा खालचे शिक्के महत्त्वाचे.

शिक्के झिजले असतील तर कारागीर सेरोसेफ या धातूचा चेंबरचा साचा काढेल. तो ७१ ते ८८ अंशांवर वितळतो. आधी थोडा आकसतो, म्हणजे सुटून बाहेर येतो, आणि ओतल्यानंतर साधारण तासाभराने चेंबरच्या मापाइतका होतो. म्हणून मोजमाप बरोबर एका तासाने घ्यायचं, दुसऱ्या दिवशी नाही. बोरसाठी मऊ शिशाची गोळी लाकडी दांड्याने हलकेच ठोकत आरपार काढून मायक्रोमीटर लावायचा.

जाता जाता: १९०७ साली सरकारने हिंदुस्थानात .४५० बोरवर बंदी घातली, मार्टिनी-हेन्रीची काडतुसं बंडखोरांच्या हाती लागू नयेत म्हणून. त्यातूनच .४६५, .४७० असे बोर पुढे आले. तुमची रायफल नावात ४५० घेऊनही वाचली, कारण ती केस .४५०ची आणि नळी .४००ची.

ॲक्शन सैल आहे का हे फोरएंड काढून तपासा. फोरएंडची स्प्रिंग नळ्या मागे दाबून ठेवते आणि दोष लपवते. फोरएंड नसताना दस्ता काखेत धरून नळ्या डावी-उजवीकडे हलवा. किंचितही टक्-टक् जाणवली तर ती ‘फेसवरून उतरली’ आहे, म्हणजे नळ्या ॲक्शनला घट्ट भिडत नाहीत, आणि दुरुस्त होईपर्यंत तिच्यातून गोळी सुटता कामा नये.

---

काडतूसशास्त्र

प्रश्न २ आणि ३.

जुनी ११ काडतुसं झाडू नका. हिरवट थर पुसून ती नवी होत नाहीत. पितळेचा एक रोग आहे, ताणाखाली असलेलं पितळ अमोनियाच्या वाफेने तडकतं. तो ओळखीचा झाला आपल्याच देशात. इंग्रजांच्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली असत, घोड्यांच्या मुतातल्या अमोनियाने माना चिरत आणि पावसाळ्याच्या मोसमात होतं म्हणून त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ नाव पडलं. मानेवर केसासारखी उभी रेघ दिसली तर ती चीर आहे, ओरखडा नव्हे. याच कारणाने तांबं काढायचं अमोनियाचं सॉल्व्हंट किंवा काच पुसायचं द्रव काडतुसांच्या कपाटात ठेवू नये. आतलं कॉर्डाइट नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटनचं. इतक्या वर्षांच्या उकाड्यात त्याला स्थिर ठेवणारा घटक संपत जातो. टोपी उशिरा पेटते किंवा दाब बेभरवशाचा होतो. काडतुसं उघडूनही बघू नका. परवानाधारक विक्रेत्यामार्फत किंवा पोलिस ठाण्यात जमा करून परवान्यावरची संख्या कमी करून घ्या.

भरण्याबद्दल. शस्त्र कायदा १९५९चं कलम ५ काडतूस बनवण्यालाही लागू आहे आणि ‘दारूगोळा’ या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि बनवायची यंत्रंही येतात. आयातीला कलम १०. म्हणजे रिकाम्या केस टपालाने मागवणं हाच एक गुन्हा, भरणं हा दुसरा. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना उत्पादनाला किमान ७ वर्षं ते जन्मठेप आहे. चुलतभावाला आजच कळवा, काहीही पाठवू नको म्हणून. ‘तिकडे कुणीतरी भरून देतो’ हा माणूस तुम्हाला वाचवायला येणार नाही.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी दुनळीसाठी भरणं हे नुसतं दारू मोजून ओतणं नाही. दोन नळ्या समांतर नसतात. पुढे किंचित एकमेकींकडे झुकलेल्या असतात आणि ५० ते १०० यार्डांवर दोन्ही गोळ्या एकत्र पडतील अशा डाखून बसवलेल्या असतात. उजवी नळी झाडली की धक्क्याने रायफल उजवीकडे-वर वळते, आणि हे वळणं गोळी नळीत असतानाच सुरू झालेलं असतं. नळ्यांचा झुकाव ते वळणं धरूनच ठरवलेला. गोळी ठरल्यापेक्षा हळू निघाली तर ती नळीत जास्त वेळ राहते, वळण जास्त होतं, उजवी आणखी उजवीकडे आणि डावी आणखी डावीकडे पडते. वेगात निघाली तर दोघी एकमेकींना ओलांडतात. म्हणजे कागदावर फाकलेले ठसे ‘लोड मंद’ सांगतात, ओलांडलेले ठसे ‘लोड तेज’. कॉर्डाइटचा दाब उष्णतेने वाढतो, म्हणून हिंदुस्थानसाठी केलेल्या रायफली इथल्या उन्हाचा विचार करून बसवत. आजची दारू वेगळी जळते, त्यामुळे तोच वेग, तेच वजन आणि तोच नळीतला वेळ पुन्हा जुळवावा लागतो. जिथे हे कायदेशीर आहे तिथेही प्रत्येक रायफलसाठी ते वेगळं करतात.

दाबाचं गणितही निराळं. या घराण्यातल्या .४७० नायट्रोची कमाल मर्यादा २७०० बार आहे, .३७५ एच अँड एच मॅगझिन रायफलची ४३००. मोठी केस आणि कमी दाब मुद्दाम ठेवलेला, उन्हाळ्यात केस चेंबरला चिकटू नये आणि दुनळीचा उघडझाप करणारा सांधा टिकावा म्हणून. बोल्ट रायफलची सवय असलेला माणूस दाब जास्त झाल्याची खूण म्हणून टोपी चपटी व्हायची वाट बघतो. दुनळीत तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं. उलट दारू कमी पडली तर एवढ्या मोठ्या केसमध्ये ती आडवी पसरते, टोपीची ज्योत नीट पोचत नाही आणि गोळी रेंगाळते. तिसरी गोष्ट बुलेटची. हल्लीच्या एकसंध कडक बुलेट जुन्या पातळ नळ्यांमध्ये चऱ्यांचा आकार बाहेरून दिसेल इतका ताण देऊ शकतात. तो ताण नंतर निघत नाही.

---

परवाना_पंचायत

कायद्याचं उरलेलं थोडक्यात. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रं, वारशाची धरूनही. तुमच्याकडे आणखी एखादं शस्त्र असेल आणि ते व ही मिळून दोन होत असतील तर ठीक. तिसरं असेल तर ठेवता येणार नाही. परवान्याची मुदत आता ५ वर्षं.

मुलुंडचं महत्त्वाचं. मुंबईत परवाना पोलिस आयुक्तांकडून, तिथे पत्ता बदल नोंदवा. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चं कलम ३४ बघा: अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आतल्या शस्त्र परवानाधारकांची नोंद मुख्य वन्यजीव रक्षकांकडे, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना त्यांच्या पूर्वसंमतीशिवाय नाही. कलम ३५ने हेच राष्ट्रीय उद्यानांनाही लावलंय. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान मुलुंडच्या कुशीत आहे. घर बदलण्याआधी शस्त्र शाखेत लेखी विचारा आणि पोच घ्या, नंतर सांगत बसण्यात अर्थ नाही.

---

माहीम_किनारा

सगळ्यांचे मनापासून आभार. चुलतभावाला कळवलं, काडतुसं जमा करायचा अर्ज लिहिलाय. खाली ‘कॉर्डाइट ६०, ४०० बुलेट, मॅक्स’ असं वाचता आलं, मुकुट आणि एनपी आहे.

नळ्या लोंबकळत धरून वाजवल्या. उजव्या बाजूने वाजवल्यावर स्वच्छ नाद, डाव्या बाजूने, तोंडाकडच्या वितीत, बद्द. डाग नेमके त्याच नळीत, त्याच टप्प्यात आहेत. अजून पाणी लावलेलं नाही.

---

लालबाग_लेथ

बरं केलंत थांबलात. पाणी लावूच नका. बद्द आवाज म्हणजे रिब पुढून सुटल्याची शक्यता मोठी, आणि आतले डाग तिथेच असणं हा काही योगायोग वाटत नाही.

फोर्टातल्या एखाद्या परवानाधारक कारागिराकडे न्या, सोबत परवाना मूळ प्रत. पुढची रिब उचलून आतला गंज साफ करा, मऊ डाखाने पुन्हा बसवा आणि पूर्ण झाल्यावर हळू गंजाचा रंग द्या, एवढंच काम सांगा. नळ्या एकमेकींपासून सोडवायच्या नाहीत, तोंडाजवळची नळ्यांमधली पाचर हलवायची नाही, हे लिहून द्या. ती हलली की दोन्ही नळ्यांचा मेळ गेला, मग तो गोळ्या झाडूनच परत बसवावा लागतो. काम घेताना ‘चार दिवसांत देतो’ म्हणाला तर सोडा. नुसता रंगच आठवडाभर रोज थोडा-थोडा चढतो.

परत आणल्यावर पुन्हा लोंबकळत धरा आणि दोन्ही बाजूंनी, वीत-वीत अंतरावर वाजवून बघा. नाद सगळीकडे सारखा आला तरच पैसे चुकते करा.